रांधलंय कुणासाठी? : बर्लिनमधल्या खाण्याचा आढावा

बर्लिनला निघालेल्या माणसाचं तिकीट आणि मुक्काम ठरला की पुढचा प्रश्न येतो जेवणाचा, आणि ज्याला विचारावं तो हातात नावांची यादी ठेवतो. दहा हॉटेलं, त्यांचे पत्ते, काय मागवायचं तेही. अशा याद्या लवकर शिळ्या होतात, कारण आचारी सोडून जातात, जागेचं भाडं वाढतं, मालक बदलतो आणि पाटी तीच राहते. शिवाय यादी कुठलं हॉटेल ते सांगते, पण ते चांगलं का, हे सांगत नाही. यादीतलं हॉटेल बंद दिसलं की माणूस रस्त्यावर उभा राहतो आणि समोर दिसेल तिथे शिरतो. माझं म्हणणं असं, की बर्लिनमध्ये हॉटेलाच्या नावाआधी तिथलं गिऱ्हाईक पाहावं. उद्या-परवा पुन्हा समोर येणाऱ्या माणसांसाठी स्वयंपाकी जिथे रांधतो, तिथे चुकीला माफी नसते. रोजचं गिऱ्हाईक एकदा तक्रार करतं, दुसऱ्यांदा येत नाही, आणि ही गोष्ट गल्लीभर होते. गिरणगावातल्या खाणावळींना हाच धाक होता. बर्लिनमध्ये असं रोजचं गिऱ्हाईक कुठल्या भागात राहतं हे अपघाताने ठरलेलं नाही. ते ठरलं फाळणी, भिंत, मजूरभरतीचे करार आणि निर्वासितांच्या लाटा यांनी. म्हणून या शहरात खाण्याचा नकाशा आणि विसाव्या शतकाचा नकाशा एकमेकांवर ठेवून वाचावे लागतात.

आधी शहराचा आकार लक्षात घ्यायला हवा. आजचं बर्लिन १९२० साली एका कायद्याने तयार झालं. जुन्या बर्लिनला शार्लोटेनबुर्ग, नॉयक्योल्न, लिश्टेनबेर्ग, श्पांडाउ अशी आजूबाजूची स्वतंत्र शहरं आणि डझनावारी गावं जोडली गेली. क्षेत्रफळाने ते मुंबईहून मोठं आहे, लोकसंख्या मात्र चाळीस लाखांच्या आत. जोडलेल्या प्रत्येक शहराचं आपलं बाजारपेठेचं केंद्र होतं, आणि पुढे भिंतीने उरल्यासुरल्या मध्याचेही दोन तुकडे केले. त्यामुळे इथला माणूस आपल्या वस्तीत खातो-पितो. 'शहरात जाऊन' जेवण्याची सवय फारशी कुणाला नाही. पाहुणा मात्र अलेक्झांडरप्लात्स, हाकेशर मार्क्ट, चेकपॉइंट चार्ली आणि पोट्सडामर प्लात्स या पट्ट्यात फिरतो आणि तिथेच भुकेला होतो. निकोलाइफिअर्टेल हा सगळ्यांत जुना दिसणारा भाग घ्या. युद्धात तो उद्ध्वस्त झाला होता. १९८७ साली शहराला ७५० वर्षं झाली, त्या निमित्ताने पूर्व जर्मनीच्या सरकारने तो नव्याने उभारला आणि काही घरांचे जुन्या वळणाचे दर्शनी भाग कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या फळ्यांचे आहेत. तिथल्या खानावळींत पोर्क आणि बिअर मिळते, ती वाईट असेलच असं नाही. पण तिथे बसलेला माणूस उद्या प्रागला किंवा पॅरिसला असणार, आणि हे स्वयंपाकघराला पक्कं ठाऊक असतं. या पट्ट्यात चांगलं खायला मिळालं तर ते मालकाच्या सज्जनपणामुळे. तिथली व्यवस्था त्याला चांगलं राहायला भाग पाडत नाही.

भाग पाडणारी व्यवस्था पाहायची तर क्रॉइत्सबेर्गपासून सुरुवात करावी. १३ ऑगस्ट १९६१ रोजी भिंत उभी राहिली आणि पूर्व भागातून पश्चिमेच्या कारखान्यांत येणारे हजारो कामगार एका रात्रीत तुटले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला. विजेच्या उपकरणांच्या कारखान्यांत लागणारी माणसं पुढच्या काही वर्षांत अनातोलियातून आली. त्यांना घरं मिळाली ती क्रॉइत्सबेर्गच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, कारण तो भाग भिंतीने तीन बाजूंनी वेढला होता, तिथल्या जुन्या चाळवजा इमारती पाडायच्या बेतात होत्या आणि भाडं कमी होतं. १९७३ च्या नोव्हेंबरात भरती थांबली, तेलाच्या संकटात कारखान्यांनी माणसं कमी केली, आणि ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांतल्या अनेकांनी भाजीचं दुकान, बेकरी किंवा खाण्याची टपरी काढली. डोनर कबाब या शहराचा झाला तो या काळात. कादिर नुरमान यांनी १९७२ साली त्सो स्थानकाजवळ तो पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. मेहमेत आयगुन यांचा दावा १९७१ चा आहे. पहिला कोण, याचा निकाल लागणं कठीण. तुर्कस्तानात ताटलीत भाताबरोबर किंवा पोळीवर मिळणारं मांस हातात धरून, चालता चालता, पाळी बदलताना खाता यावं ही गरज बर्लिनची होती, आणि तो पदार्थ घडवला या गरजेने, हे मात्र नक्की.

आज डोनर शहरभर मिळतो म्हणूनच तो निवडायला नजर लागते. काउंटरपाशी उभं राहून आधी फिरता दांडा पाहावा. चांगल्या दुकानात मांसाचे पातळ काप एकावर एक रचलेले दिसतात, कडेला थर सुटे होतात, सुरी फिरली की अनियमित आकाराच्या चकत्या पडतात. गुळगुळीत, सगळीकडे एकाच रंगाचा आणि एकाच पोताचा शंकू दिसला तर तो बव्हंशी खिम्याचा. जर्मन नियमाप्रमाणे 'डोनर कबाब' म्हणवणाऱ्या मांसात खिम्याचं प्रमाण साठ टक्क्यांहून जास्त चालत नाही. त्यापुढे गेलं की दुकानाला पाटीवर 'द्रेश्पीस', म्हणजे नुसतं फिरत्या सळईवरचं मांस, असं लिहावं लागतं. त्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचणं हे कुठल्याही शिफारशीपेक्षा उपयोगी. या पदार्थावरचा हक्क कुणाचा, यावर सरकारी पातळीवरही वाद झाला. तुर्कस्तानातल्या एका संघटनेने २०२२ मध्ये युरोपीय संघाकडे डोनरच्या पारंपरिक कृतीला संरक्षण मागितलं, जर्मनीने हरकत घेतली, आणि २०२५ मध्ये तो अर्ज मागे घेतला गेला. मला यात जर्मनीची बाजू रास्त वाटते. बर्लिनचा डोनर इस्तंबूलच्या कृतीत बसवला असता, तर तो घडवणाऱ्या स्थलांतरितांच्याच हातून त्यांची कमाई काढून घेतल्यासारखं झालं असतं. पण डोनरवर थांबणं म्हणजे या वस्तीचा उंबरठाच पाहणं. कोट्टबुसर टोरच्या आसपास कोळशाच्या शेगडीवर भाजलेलं अदाना कबाब आणि त्याबरोबर भाजलेली मिरची-टोमॅटो, डाळीचं 'मेर्जिमेक' सूप, मायबाखउफरला कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी भरणाऱ्या बाजारात बायका लाटून तव्यावर टाकतात ती पालक-चीज भरलेली 'ग्योझ्लेमे' – हे सगळं आधी घरच्या माणसांसाठी होतं, म्हणून त्यात अजून कसर दिसत नाही. मेहरिंगडामवर भाज्या घातलेल्या चिकन कबाबाच्या एका टपरीपुढे कायम लांबलचक रांग असते. कबाब चांगला असेलही, पण त्या रांगेतले बहुतेक लोक प्रवासी असतात, आणि रांग सांगते ती प्रसिद्धी. दोन चौक पुढे त्याच तोडीचं खाणं बिनारांगेत मिळतं.

तिथून दक्षिणेला नॉयक्योल्नमधला झोननअले हा लांब रस्ता. त्याची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने कडू आहे. १९७५ नंतर लेबनॉनच्या यादवीतून पळालेले लेबनीज आणि पॅलेस्टिनी पूर्व बर्लिनच्या श्योनेफेल्ड विमानतळावर उतरत आणि तिथून लोकल गाडीने पश्चिमेत येत, कारण भिंतीला सरहद्द न मानणारा पश्चिम भाग आपल्या बाजूने तपासणी करत नव्हता. पण त्यांतल्या कितीतरी जणांना मिळालं ते फक्त 'तूर्त हाकलत नाही' एवढं पत्र. वर्षानुवर्षं काम करायची परवानगी नव्हती. ज्यांना नोकरी करता येत नव्हती, त्यांच्या वस्तीत पुढे दुकान हाच मार्ग उरला. २०१५ मध्ये सीरियाचे निर्वासित आले तेव्हा अरबी बोलणारा बाजार तिथे आयता होता, आणि होम्सच्या मिठाईवाल्यांपासून दमास्कसच्या शोर्मावाल्यांपर्यंत सगळ्यांनी तिथे जम बसवला. या रस्त्यावर सकाळी हुमुस किंवा 'फूल', म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या दाण्यांची वाटी, मागवून पाहावी. ताटाबरोबर न मागता येतात कच्च्या कांद्याच्या फोडी, पुदिन्याची जुडी, मुरवलेला गुलाबी सलगम, ऑलिव्ह आणि पाव. चमचा असतो, पण बाजूच्या टेबलावरचे सगळे पावाचा तुकडा मोडूनच खात असतात. शाकाहारी माणसाचं पोट भरेल आणि बिल आटोक्यात राहील, अशी यापेक्षा चांगली जागा बर्लिनमध्ये मला सुचत नाही. जर्मन वर्तमानपत्रांत या रस्त्याचं नाव बहुतेक वेळा दंगा किंवा निदर्शनांच्या बातमीत येतं. ज्या जर्मनांना तिथे रोज जेवायला जाणं जमतं, त्यांना बातमीबाहेरचा झोननअलेही माहीत असतो.

पूर्वेची बाजू फार थोडे प्रवासी पाहतात, आणि ती सगळ्यांत रोचक आहे. १९८० साली पूर्व जर्मनीने व्हिएतनामशी करार करून कामगार मागवले. १९८९ पर्यंत त्यांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. त्यांना वसतिगृहांत माणशी पाचेक चौरस मीटर जागा मिळे, मुदत पाचेक वर्षांची, आणि गरोदर बाईला गर्भपात किंवा परतीचं विमान यांतलं एक निवडावं लागे. देश एक झाला तेव्हा ते कारखाने बंद पडले. परत जाण्यासाठी तीन हजार मार्क आणि तिकीट देऊ केलं गेलं. जे राहिले त्यांना पुढे राहण्याचा परवाना हवा तर स्वतःची कमाई दाखवणं भाग होतं. फुलांची दुकानं, शिवणकाम, भाजीपाला आणि 'आशिया-इंबिस' नावाच्या टपऱ्या यांतून ती दाखवली गेली. त्या टपऱ्यांवर मिळायचं ते सोया सॉसमधलं तळलेलं नूडल, ज्याचा हनोईशी संबंध नव्हता. जर्मन गिऱ्हाइकाला 'चिनी' हवं होतं. खरं अन्न आपसांत खाल्लं जाई. त्याचं केंद्र आज लिश्टेनबेर्गमधल्या हेर्त्सबेर्गश्ट्रासेवर आहे. कार्बनच्या वस्तू बनवणाऱ्या एका बंद पडलेल्या सरकारी कारखान्याच्या जागेवर २००५ च्या सुमारास 'दोंग शुआन सेंटर' उभं राहिलं. हे नाव हनोईतल्या जुन्या बाजाराचं. लांबच लांब पत्र्याच्या शेडमध्ये घाऊक कपडे, नखं रंगवण्याचं सामान, केशकर्तनालयं, टाकीतले जिवंत मासे, आणि मधूनमधून खानावळी. दुपारी तिथे घाऊक व्यापारी आणि हमाल फो हे नूडल-सूप किंवा 'बून चा' खात असतात. बून चा म्हणजे कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस गोड-आंबट रसात, बाजूला तांदळाच्या शेवया आणि हिरव्या पानांचं भारंभार ताट. पेरिला, पुदिना, तुळशीच्या जातीची पानं अशी ताजी आणि इतकी मिळतात, कारण शेजारच्या शेडमध्ये त्यांचीच घाऊक विक्री चालते. एक बारकावा इथे मोलाचा आहे. पूर्वेत आले ते मुख्यतः उत्तर व्हिएतनामचे कामगार. पश्चिम बर्लिनमध्ये आले ते १९७९ नंतरचे दक्षिणेतले 'बोटीवरचे' निर्वासित. या शहरात भिंतीने जर्मनांबरोबर व्हिएतनामीही वेगळे ठेवले होते, आणि फोच्या रसाचा गोडवा कमीजास्त होतो त्यात तो फरक अजून लागतो. मंगळवार हा दोंग शुआनच्या सुटीचा दिवस, हे ध्यानात ठेवावं.

शार्लोटेनबुर्गमधली कांटश्ट्रासे हा चिनी खाण्याचा रस्ता. त्याची परंपरा १९२० च्या दशकापर्यंत जाते. तेव्हा तांत्रिक विद्यापीठात शिकणारे चिनी विद्यार्थी या भागात राहत आणि पहिलं चिनी हॉटेल तिथेच निघालं. खिडकीत बदकं टांगलेली कँटनी हॉटेलं आणि हाताने ओढलेल्या नूडल्स देणारी छोटी दुकानं आजही तिथे आहेत. चिनी अक्षरांतलं वेगळं मेनूकार्ड मिळालं तर शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बोट दाखवून मागावं. थोडं दक्षिणेला, व्हिल्मर्सडोर्फच्या प्रॉइसनपार्कमध्ये, १९९० च्या दशकापासून थाई बायका सुटीच्या दिवशी चटया टाकून जमत. जर्मन नवऱ्यांच्या घरात एकट्या पडलेल्या या बायका आपसांत डबे उघडत, मग तिथेच शेगड्या आल्या आणि विक्री सुरू झाली. प्रशासनाने बरीच वर्षं कानाडोळा केला, मग तो बाजार परवान्याच्या चौकटीत आणला. चव टिकली; मोकळेपणा थोडा गेला.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल. जर्मनीला जाऊन तुर्की, अरबी, व्हिएतनामी खायचं, मग जर्मन कधी खायचं? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, पण बर्लिनच्या 'जर्मन' ताटात पाहिलं तर तोच प्रवास दिसतो. पोट्सडामच्या १६८५ च्या फर्मानाने फ्रान्समधून पळालेल्या प्रोटेस्टंट ह्यूगनो लोकांना आसरा मिळाला आणि सुमारे १७०० साली शहरातला दर पाचवा माणूस फ्रेंच होता. बर्लिनचा सगळ्यांत घरगुती पदार्थ 'बुलेट्टे', म्हणजे तव्यावर परतलेला खिम्याचा गोळा, त्यांच्याकडून आला असं मानलं जातं. पांढऱ्या सॉसमध्ये केपर्स घातलेले 'क्योनिग्सबेर्गर क्लोप्से' आले पूर्व प्रशियाच्या राजधानीतून. ती आता रशियाची कालिनिनग्राद आहे, म्हणून पूर्व जर्मनीत त्यांना काही काळ नुसतं 'उकडलेले गोळे' म्हणत. करीवुर्स्टची गोष्ट तर अलीकडची आणि या शहराची. हेर्टा हॉयवर या बाईंनी ४ सप्टेंबर १९४९ रोजी कांटश्ट्रासेच्या कोपऱ्यावर तळलेल्या सॉसेजवर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर घालून विकली. करी पावडर ब्रिटिशांनी भारतातल्या मसाल्यांची आठवण म्हणून डब्यात भरलेला माल. आपल्या कुठल्याच घरात तसा एक मसाला नव्हता. आज तिथे स्मृतिफलक आहे. हॅम्बुर्गही या पदार्थावर हक्क सांगतं, पण तारीख आणि जागा बर्लिनच्या बाजूने आहे. प्रेन्त्सलाउअर बेर्गमध्ये उन्नत रेल्वेच्या खांबांखालची कोनोप्के ही टपरी १९३० पासूनची. पूर्वेत करीवुर्स्ट आणली तिने. 'आतड्यासकट की बिनआतड्याची' हा प्रश्न तिथे विचारला जातो, आणि बिनआतड्याच्या सॉसेजचा उगम युद्धानंतरच्या टंचाईत आहे.

बसून खायचं जर्मन जेवण हवं तर वस्तीतल्या जुन्या 'क्नाइपे'त, म्हणजे बिअरच्या खानावळीत, जावं. क्रॉइत्सबेर्गमधलं माक्स उंड मोरित्स १९०२ पासूनचं आहे. मध्यवर्ती भागातलं त्सुअर लेत्स्टन इन्स्टान्त्स आपली परंपरा १६२१ पर्यंत नेतं. घोटलेल्या मटाराबरोबर खारवून उकडलेलं डुकराचं तंगडं, सफरचंद-कांद्याबरोबरची बर्लिन पद्धतीची कलेजी, हे तिथे असतंच. पण मला स्वतःला या ताटाचा खरा ऐवज मांसात दिसत नाही. तो शहराला वेढणाऱ्या ब्रांडेनबुर्गच्या रेताड जमिनीत आहे. एप्रिलपासून २४ जूनपर्यंत बेलित्सचा पांढरा शतावरीचा कोंब येतो. उकडलेल्या बटाट्यांबरोबर, वितळलेल्या लोण्यात किंवा अंड्याच्या सॉसमध्ये. त्या तारखेनंतर शेतकरी तो काढायचं थांबवतात, कारण रोपाला पुढच्या वर्षासाठी जोर धरायला वेळ लागतो. उन्हाळ्यात रानातल्या पिवळ्या अळंब्या, श्प्रेवाल्डच्या मुरवलेल्या काकड्या, आणि उकडलेल्या बटाट्यांवर ताजं चक्क्यासारखं 'क्वार्क' आणि वरून जवसाचं कच्चं तेल. हा शेवटचा पदार्थ गरिबांचा, स्वस्त आणि पूर्ण शाकाहारी. जवसाची चटणी खाणाऱ्या घरातल्या माणसाला त्याचा वास ओळखीचा वाटेल. मोहरीच्या सॉसमधली उकडलेली अंडी हाही असाच रोजचा ऐवज. ज्या दुकानात दुपारच्या फळ्यावर हे पदार्थ खडूने लिहिलेले दिसतात, तिथे शेजारचे कारागीर आणि पेन्शनर बसलेले असतात, आणि माझी कसोटी इथेही लागू पडते.

दुसरा आक्षेप उंची जेवणाचा. ज्याला पैसे मोजायचे आहेत त्याने या गल्ल्यांत का फिरावं? फिरू नये, हवं तर. बर्लिनला २०२० साली रुट्स या हॉटेलाच्या रूपाने पहिल्यांदा मिशेलिनचे तीन तारे मिळाले. क्रॉइत्सबेर्गमध्ये वाढलेले टिम राउए यांचं हॉटेल बरीच वर्षं दोन तारे राखून आहे. आणि कुकीज क्रीम हे पूर्ण शाकाहारी असूनही ताराधारी आहे. पण यांतलं माझ्या मते सगळ्यांत विचारपूर्वक चाललेलं घर म्हणजे फ्रीडरिशश्ट्रासेवरचं नोबेलहार्ट उंड श्मुत्सिग. तिथे लिंबू, मिरी, चॉकलेट चालत नाही, कारण ते जवळपास पिकत नाही. जे आहे ते आसपासच्या शेतकऱ्यांचं. या हॉटेलालाही नेहमीचं गिऱ्हाईक सांभाळावं लागतं, फक्त ते ताटाच्या अलीकडच्या बाजूला आहे. ज्याचं गाजर घेतो तो शेतकरी पुढच्या आठवड्यात पुन्हा दारात येणार असतो. नुसत्या ताऱ्यांवर जाऊन मिळणारा आनंद खरा असतो, पण तो बर्लिनचा असेलच असं नाही. कोपनहेगन किंवा सिंगापूरमध्येही तसंच ताट येऊ शकतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. ज्या रोजच्या गिऱ्हाइकावर ही सारी कसोटी उभी आहे, तेच या वस्त्यांतून हलवलं जात आहे. क्रॉइत्सबेर्ग आणि उत्तर नॉयक्योल्नमधली भाडी चढली तशी जुनी कुटुंबं कडेच्या भागांत गेली. मार्क्टहाल नॉइन हे याचं बोलकं उदाहरण. १८९१ साली उघडलेला हा बाजार मोडकळीला आला होता. २०११ मध्ये तो नव्या मालकांकडून सेंद्रिय भाजी, हाताने केलेलं चीज आणि पाव विकणाऱ्यांसाठी पुन्हा सुरू झाला, आणि २०१३ पासून तिथे गुरुवारी रस्त्यावरच्या खाण्याचा बाजार भरू लागला. खाणं उत्तम होतं. मग २०१९ मध्ये इमारतीतलं आल्डीचं स्वस्त किराणा दुकान हटवायचं ठरलं तेव्हा शेजारी रस्त्यावर उतरले. आम्ही तीन-चार युरोंच्या पावावर जगत नाही, आम्हाला इथे दूध आणि तेल घ्यायचंय, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बरोबर होता. चांगलं अन्न ही गोष्ट वस्तीतल्या लोकांना वगळून उभी राहू लागली की तिच्यावर लक्ष ठेवणारं कुणी उरत नाही. डोनरचंही तेच. दहा-पंधरा वर्षांपूर्वी साडेतीन युरोंच्या आसपास मिळणारा डोनर आता सातच्या वर गेला आहे. २०२४ मध्ये डाव्या पक्षाने त्याची किंमत ४.९० युरोंवर बांधावी अशी मागणी केली. ऊर्जा, मांस, भाडं आणि किमान वेतन (२०१५ मध्ये तासाला ८.५० युरो, २०२५ मध्ये १२.८२) सगळंच वाढलं. कराचीही ओढाताण झाली. बसून खाण्यावरचा कर साथीच्या काळात ७ टक्के केला, २०२४ मध्ये पुन्हा १९, आणि २०२६ पासून परत ७. किंमत वाढली म्हणून दुकानदाराला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. पूर्वीचा स्वस्त डोनर घरातल्या बिनपगारी माणसांच्या श्रमावर उभा होता. पण खरेदीदार बदलला की खाणं बदलणार, हे मान्य केलं पाहिजे. म्हणून कसोटी मोडीत काढायचं कारण नाही, तिच्यासोबत आपण हलायला हवं. वेडिंग, मोआबिट, लिश्टेनबेर्ग इथे आज जे मिळतं ते पंधरा वर्षांपूर्वी क्रॉइत्सबेर्गमध्ये मिळत होतं.

आपल्या लोकांसाठी याच कसोटीतून भारतीय हॉटेलांबद्दलही एक स्पष्ट निष्कर्ष निघतो. बर्लिनमध्ये वर्षानुवर्षं भारतीय हॉटेलं भरपूर होती आणि भारतीय मजुरांची वस्ती जवळजवळ नव्हती. त्यामुळे आंब्याच्या गोड रसातलं चिकन, मलईची केशरी ग्रेव्ही आणि स्वस्त कॉकटेल हा एकच साचा गल्लोगल्ली दिसतो. तो जर्मन जिभेसाठी बसवलेला आहे आणि तिला रुचतोही. २०१२ नंतर ब्लू कार्ड या कामाच्या परवान्यावर आलेले अभियंते आणि शिकायला आलेले विद्यार्थी यांनी हे चित्र बदलायला सुरुवात केली. २०२३-२४ मध्ये जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे सर्व परदेशी गटांत सर्वाधिक. त्यांत पुणे-मुंबईची मुलं लक्षणीय आहेत, आणि डोसा किंवा आंध्रची बिर्याणी मागणारं गिऱ्हाईक आता खरोखर आहे. मराठी ताटाची बाजारपेठ अजून उभी राहिलेली नाही. ती घरगुती डब्यांत आणि मंडळांच्या गणपतीत आहे. जुन्या पद्धतीच्या भारतीय हॉटेलात जाऊन निराश होण्यापेक्षा शाकाहारी माणसाने झोननअले, ग्योझ्लेमे, सुदानी टपरीवरचं शेंगदाण्याच्या सॉसमधलं फलाफल यांच्याकडे वळावं. शेंगदाण्याचा कूट खाणाऱ्याला ते परकं वाटणार नाही. विद्यार्थ्यांच्या खानावळीही विसरू नयेत. २०२१ च्या शरदापासून बर्लिनच्या विद्यापीठांच्या खानावळींत जवळपास ९६ टक्के पदार्थ शाकाहारी किंवा पूर्ण वनस्पतिजन्य आहेत, आणि पाहुण्यालाही थोडा जास्त दर देऊन जेवता येतं. एक सावधगिरी हवी. जर्मन 'शाकाहारी'त अंडं असतं, व्हिएतनामी भाजीच्या रश्शात मासळीचा सॉस असू शकतो. मेनूकार्डावर पदार्थाच्या नावापुढे बारीक आकडे आणि अक्षरं असतात; २०१४ पासून चौदा ॲलर्जीकारक घटक जाहीर करणं बंधनकारक आहे, आणि मासा, अंडं, दूध त्यांत येतात. तळाशी दिलेला खुलासा वाचला की बरंच कळतं.

वेळेची निवड खिशावर सगळ्यांत जास्त परिणाम करते. बहुतेक हॉटेलांचा 'मिटाग्सटिश', म्हणजे दुपारचा ठरावीक स्वस्त बेत, बारा ते दोन-अडीचच्या दरम्यान असतो आणि संध्याकाळच्या पानावरचा तोच पदार्थ तेव्हा कमी पैशांत मिळतो. त्या वेळी आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं जेवायला येतात, आणि हेच ते रोजचं गिऱ्हाईक. अनेक चांगल्या जागा सोमवारी बंद असतात, स्वयंपाकघर रात्री दहाच्या आतच आवरतं. लहान दुकानांत अजूनही रोख लागते. साधं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी आपणहून ठेवत नाहीत; बाटलीचं पाणी बिअरइतकं महाग पडतं. बक्षिसी टेबलावर ठेवून उठायची पद्धत नाही, बिल देतानाच पाच ते दहा टक्के धरून एकूण आकडा तोंडी सांगायचा. दोनच दिवस हाताशी असतील तर एक दुपार लिश्टेनबेर्गला द्यावी, एक सकाळ झोननअलेला, शुक्रवार असेल तर मधला वेळ मायबाखउफरच्या बाजारात. आणि महिना मेचा असेल तर एका संध्याकाळी शतावरी, बटाटे आणि लोणी, कुठल्याही वस्तीतल्या क्नाइपेत, जिथे फळ्यावर बेलित्सचं नाव लिहिलेलं असेल.